आधी ओळखा, मग लावा: केस आणि नखांसाठी आहार व घरगुती उपाय, योग्य क्रमाने

केसांची तक्रार असली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं तेल लावू? नखांची असली की: कॅल्शियम घेऊ का? या दोन्ही प्रश्नांची पाळी बरीच नंतर येते. क्रम चुकल्यामुळे लोक चार महिने तेल बदलत राहतात आणि शेवटी कळतं, की केस गळत नव्हते, कंगव्याने तुटत होते. उलटही होतं. रक्तात लोह नाही आणि डोक्यावर रोज नवा लेप.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. डोक्याबाहेर आलेला केस आणि बोटावर दिसणारं नख, दोन्ही मृत असतात. केराटिन नावाच्या प्रथिनाचे ते घट्ट थर. त्यांत रक्त खेळत नाही, त्यामुळे खाल्लेलं अन्न तिथवर पोचतच नाही. अन्न पोचतं ते कातडीखालच्या मुळाशी, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत जे बाहेर येणार आहे त्याच्याशी. तेल, लेप, मलम यांचं राज्य बाहेर आलेल्या भागापुरतं. फाटे फुटलेला केस अंडी खाऊन जोडला जात नाही, आणि लोह कमी पडल्यामुळे गळणारा केस तेलाने थांबत नाही.

वेगाचाही अंदाज हवा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, हाताचं नख ३ मिलिमीटरच्या आसपास, पायाचं त्याच्या निम्म्याने. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला ४ ते ६ महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला १२ ते १८. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून उपाय बदलणं म्हणजे रोप उपटून मुळं फुटली का ते पाहणं.

## टप्पा १: सात दिवस नवं काही लावू नका, फक्त बघा

नेहमीचं सगळं तसंच चालू ठेवा आणि आठवडाभर पडलेले केस बघा: कंगव्यातले, उशीवरचे, न्हाणीच्या जाळीतले. मोजत बसू नका. निरोगी डोक्यावरूनही दिवसाला ५० ते १०० केस जातात. तीन दिवसांनी केस धुणाऱ्याला जाळीत तीन दिवसांचा साठा एकदम दिसतो, आणि घाबरायला तेवढं पुरतं.

बघायचं ते केसाचं टोक. दहा-पंधरा केस उचलून कागदावर ठेवा. केस काळे असतील तर कागद पांढरा, पिकलेले असतील तर गडद.

- एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढी पांढरट गाठ दिसली, तर केस मुळापासून सुटला आहे. ‘पांढरं मूळ आलं म्हणजे केस कायमचा गेला’ ही समजूत चुकीची. विश्रांतीचा काळ संपवून सुटणाऱ्या प्रत्येक केसाला ती गाठ असते आणि बहुतेक वेळा त्याच जागेतून नवा केस येतो.
- गाठ नाही, तुकडा आखूड, टोक दातेरी किंवा दुभंगलेलं, तर केस मध्येच तुटला आहे.

बहुतेक केस गाठीचे असतील तर तुमचा भर टप्पा २ आणि ४ वर. बहुतेक तुकडे असतील तर टप्पा ३ आणि ६ वर. दोन्ही भरपूर असतील तर सगळेच टप्पे, दिलेल्या क्रमाने.

आणखी एक साधी चाचणी: केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी साधारण ५०-६० केसांची बट मुळाजवळ बोटांच्या चिमटीत धरा आणि टोकापर्यंत हलकेच, न हिसकता ओढत न्या. एखाद-दुसरा केस हातात येणं ठीक. सहा किंवा जास्त आले, आणि डोक्याच्या तीन-चार ठिकाणी तसंच झालं, तर गळती सध्या जोरात आहे.

नखांसाठी हात आणि पाय शेजारी ठेवून बघा. ही तुलना फार कमी लोक करतात, पण तीच जास्त बोलते. हाताची नखं टोकाशी पापुद्र्यांसारखी सुटतात आणि पायाची ठणठणीत आहेत, तर कारण बहुधा बाहेरचं: पाणी, साबण, नेलपॉलिश काढायचं द्रावण. एकच नख बिघडलंय, तर मार, बुरशी किंवा त्या नखापुरतं काहीतरी. हातापायांची सगळीच बिघडली असतील तर शरीराच्या आत शोधायला हवं.

तपासा: आठवड्याच्या शेवटी एका ओळीत लिहून काढता आलं पाहिजे: ‘माझे केस ____ आहेत, माझी नखं ____ आहेत.’ ती ओळ लिहिता येत नसेल तर आणखी एक आठवडा बघा.

## टप्पा २: तीन महिने मागे जा

केस गळायला लागले की लोक कालचा शाम्पू आठवतात. आठवायला हवेत दोन-तीन महिन्यांपूर्वीचे दिवस.

डोक्यावरचे बहुसंख्य केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीत. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटवलेलं वजन किंवा मोठा मानसिक आघात, की एरवीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. तिथे ते सुमारे तीन महिने नुसते टिकून राहतात आणि मग एकत्र सुटतात. तोवर आजार विसरलेला असतो. या प्रकारची गळती कारण संपलेलं असेल तर साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. गंमत अशी, की त्या काळात जे काही लावलं जातं त्याला सगळं श्रेय मिळतं. कित्येक ‘रामबाण’ तेलांची कीर्ती इथेच जन्मते.

नखंही अशी आठवण ठेवतात. मोठ्या आजारानंतर नखांवर आडव्या खाचा पडतात आणि नखाबरोबर पुढे सरकतात. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर घटना सुमारे दोन महिन्यांपूर्वीची.

कॅलेंडर उघडून गेल्या सहा महिन्यांतले आजार, नवी औषधं, उपवास किंवा डाएट, पाळीतले बदल अशा सगळ्यांच्या तारखा लिहा. ही यादी पुढे डॉक्टरांकडेही उपयोगी पडते.

खालीलपैकी काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना भेटा:

- नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा, म्हणजेच चाई. किंवा भुवया-पापण्यांचे केसही जाणं
- टाळूला वेदना, लाली, पू किंवा जाड खपल्या. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांसह केस तुटलेले चट्टे असतील तर ती बुरशी असू शकते. तिला पोटात घ्यायचं औषध लागतं, तेलाने ती जात नाही.
- भांग रुंदावत जाणं किंवा कपाळाच्या कोपऱ्यांतून केस मागे सरकणं. हे आनुवंशिक विरळपण आहे. मिनॉक्सिडिलसारखे परिणामकारक उपचार त्यावर आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके केस वाचतात. लेपांवर घालवलेलं वर्ष इथे महाग पडतं.
- एकाच नखात नव्याने आलेली काळी-तपकिरी उभी रेघ, विशेषतः रुंदावणारी किंवा शेजारच्या कातडीवर उतरलेली. यात क्षणभरही टाळाटाळ नको.
- चमच्यासारखी खोलगट झालेली नखं (लोहाची कमतरता हे नेहमीचं कारण), बोटांची टोकं फुगून गोलावलेली नखं, जाड-पिवळी किंवा खालून सुटलेली नखं

गळती मुळापासून असेल आणि तुम्ही लिहिलेल्या तारखांच्या यादीतून कारण सापडत नसेल, तर डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे ब१२ व ड जीवनसत्त्व तपासतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. नुसतं हिमोग्लोबिन पाहून ‘लोह ठीक आहे’ म्हणू नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

सावधान: बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकू शकतात. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर किंवा प्रयोगशाळेला विचारा.

## टप्पा ३: नवं जोडण्याआधी नुकसान थांबवा

गळक्या बादलीत पाणी ओतायचं नाही. हा टप्पा फुकट आहे, कदाचित म्हणूनच लोक तो वगळतात.

ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि जास्त ताणला जातो. टॉवेलने खसाखसा पुसणं आणि लगेच वरून खाली बारीक कंगवा फिरवणं, या दोन सवयींनी जितके केस तुटतात तितके कुठल्याही शाम्पूने तुटत नसतील. टॉवेल किंवा जुना सुती टीशर्ट गुंडाळून पाणी टिपून घ्या. मग रुंद दातांचा कंगवा घ्या, गुंता टोकाकडून सोडवायला लागा आणि हळूहळू वर या. सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरावेत; कुरळे मात्र ओलसर असताना, कंडिशनर लावलेलं असताना.

घट्ट वेणी, घट्ट पोनीटेल, वजनदार एक्स्टेन्शन यांचा ताण रोज त्याच मुळांवर पडतो. कपाळाच्या कडेने केस विरळ होत असतील तर आधी केशरचना सैल करा. हा ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. केस बांधल्यावर डोकं दुखत असेल तर बांधणी घट्ट आहे, यापेक्षा वेगळी परीक्षा नको.

ड्रायर साधारण १५ सेंटीमीटर लांब धरून हलवत राहा. ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीच नको: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो.

नखांचा मोठा शत्रू पाणी, तेही एकदा भिजणं नव्हे, दिवसभर भिजणं-वाळणं. नख पाणी पिऊन फुगतं, वाळून आक्रसतं. दिवसातून पंधरा वेळा हे झालं की थर सुटायला लागतात. भांडी, कपडे, फरशी करताना हातमोजे घाला. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचतो, म्हणून आत पातळ सुती मोजे. नखांनी डबे उघडणं, स्टिकर खरवडणं बंद. ॲसिटोन असलेलं द्रावण नख कोरडं करतं. नेलपॉलिश सतत बदलत राहिलात तर नुकसान पॉलिशपेक्षा ते काढण्याने जास्त होतं.

तपासा: दोन आठवडे एवढंच करा. कंगव्यातले तुकडे कमी झाले असतील तर तुमचा निम्मा प्रश्न इथेच सुटला.

## टप्पा ४: ताट

इथे नेहमीची चूक अशी होते, की एका ‘केसांच्या’ पदार्थाच्या मागे लागलं जातं. बदामांवर बदाम, आणि दिवसभरातलं एकूण प्रथिन मात्र तुटपुंजं. शरीराच्या हिशोबात केस आणि नखं शेवटच्या रांगेत. अन्न कमी पडलं की सगळ्यात आधी यांचाच पुरवठा तुटतो. म्हणून क्रम असा: पोटभर अन्न, मग पुरेसं प्रथिन, मग लोह, बाकी सगळं त्यानंतर.

१. एकूण अन्न. महिन्याभरात भरपूर वजन उतरवणारं डाएट चालू असेल तर आधी ते सैल करा. त्याच्या जोडीला कुठलाही केसांचा उपाय लागू पडणार नाही.

२. प्रथिनं. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान ०.८ ग्रॅम. ६० किलो वजनाला साधारण ५० ग्रॅम. मोजायला सोपे अंदाज:

- १ अंडं: सुमारे ६ ग्रॅम
- ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य: सुमारे ७ ग्रॅम
- २०० मिलिलिटर दूध: ६ ते ७ ग्रॅम
- १०० ग्रॅम साधं दही: ३ ते ४ ग्रॅम
- ३० ग्रॅम शेंगदाणे: सुमारे ७ ग्रॅम
- १०० ग्रॅम शिजवलेला मासा किंवा चिकन: २० ग्रॅमच्या वर

दोन दिवस खरोखर मोजून पाहा, कारण अंदाज हमखास चुकतो. पातळ डाळीची वाटी म्हणजे ‘एक वाटी डाळ’ नव्हे. त्यात कोरडी डाळ किती गेली ते धरा. मी स्वतः पहिल्यांदा मोजलं तेव्हा ‘भरपूर प्रथिनं खातो’ म्हणणाऱ्या माझा आकडा ३४ ग्रॅमवर अडकला होता. धान्यांतूनही काही प्रथिन मिळतं, पण डाळी-कडधान्यांबरोबर खाल्ल्यास दोघांतल्या उणिवा एकमेकांनी भरून निघतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

३. लोह. मांस-माशांतलं लोह शरीर सहज शोषतं. डाळी, कडधान्यं, तीळ, पालेभाज्यांतलं कमी. शाकाहारी ताटात लोह असतं, पण ते अंगी लागण्याची सोय करावी लागते. सोय सोपी आहे. त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं काहीतरी ठेवा: लिंबू पिळा, टोमॅटो, ढोबळी मिरची, पेरू, संत्रं काहीही चालेल. लिंबू गरम भांड्यात उकळू नका, वाढताना पिळा. उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होतं. दुसरी सोय: चहा-कॉफी जेवणाबरोबर नको, मध्ये तासभर तरी जाऊ द्या. त्यांतली द्रव्यं लोह धरून ठेवतात. ‘पालक रोज खातो तरी लोह कमी’ म्हणणाऱ्यांच्या जेवणाशेजारी बहुतेक वेळा चहाचा कप असतो. शिवाय पालकातलं लोह तसंही फारसं शोषलं जात नाही. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर अन्नाने खड्डा भरणं अवघड. तिथे आधी रक्तस्रावाचा उपचार.

४. बाकीचे. जस्त कडधान्यं, भोपळ्याच्या बिया, काजू, अंडी, मांस यांतून मिळतं. ब१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे दूध-अंडीही न खाणाऱ्यांनी त्याची वेगळी सोय करायलाच हवी. बायोटिन अंड्याचा बलक, दाणे, बिया, डाळींत असतं, प्रौढाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि कमतरता क्वचितच दिसते.

सावधान: कच्चं अंडं पिऊ नका. पांढऱ्या भागातलं एव्हिडिन बायोटिनला बांधून ठेवतं. शिजवलं की हा प्रश्न मिटतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही.

नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल थोडक्यात. ते कॅल्शियमच्या कमतरतेची खूण नाहीत. बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी आठवडे-महिन्यांपूर्वी लागलेला किरकोळ मार असतो, आणि नख वाढलं की ठिपका पुढे सरकून कापला जातो. नखाचा कडकपणा केराटिनच्या बांधणीतून येतो. त्यात कॅल्शियमचा वाटा नगण्य.

## टप्पा ५: गोळ्यांच्या आधी थांबा

अहवालात कमतरता दिसली तर गोळी औषध आहे. दिसली नसेल तर तीच गोळी प्रयोग आहे, आणि काही वेळा उलटा. अ जीवनसत्त्व जास्त झालं की केस गळतात. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात आणि नखंही ठिसूळ होतात. अमेरिकेत २००८ मध्ये सेलेनियमचं प्रमाण चुकलेल्या एका पूरक आहारामुळे असंच घडलं होतं. जस्ताची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास तांबं कमी पडतं. म्हणजे ‘केसांसाठी’ म्हणून दोन-तीन मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेणारा माणूस केस घालवण्याची तयारी करत असू शकतो.

घरात सध्या चालू असलेल्या सगळ्या डब्यांची लेबलं शेजारी ठेवा आणि एकच घटक किती डब्यांत आहे ते पाहा. पूरक आहार, प्रथिनाची पावडर, ‘ब्यूटी’ गमी, सगळं धरा.

लोहाच्या गोळ्या अहवालाशिवाय नकोत. साठलेलं जास्तीचं लोह यकृताला इजा करतं. घरात लहान मूल असेल तर त्या कुलपात ठेवा. मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

## टप्पा ६: केसांना बाहेरून

आता तेल. खोबरेल तेलातली छोटी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) केसाच्या आत शिरतात, त्यामुळे धुताना केसाचं फुगणं आणि त्यातलं प्रथिन वाहून जाणं कमी होतं. खनिज तेल बाहेर थर धरून राहतं. गुंता कमी होतो, आत शिरत नाही. या दोन्हींपैकी कशानेही नवा केस उगवत नाही. तेलाचा मोठा उपयोग धुण्याआधी, आणि तोही टाळूपेक्षा लांबीला.

क्रम:

१. कोरड्या केसांतला गुंता आधी सोडवा. तेल लावून गुंता सोडवायला गेलात तर गाठी आवळतात.
२. तळहातावर अर्धा-एक चमचा तेल घेऊन केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावा. ३० मिनिटं ते दोन तास पुरे. रात्रभर ठेवल्याने फायदा दुप्पट होत नाही, उशी मात्र खराब होते.
३. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. नखांनी खरवडू नका. लांबीला वाहून जाणारा फेस पुरतो.
४. कंडिशनर उलट: मध्यापासून टोकांना, २-३ मिनिटं, मग धुवा. टाळूला नको.
५. पाणी टिपून घ्या, टप्पा ३ प्रमाणे विंचरा.

आठवड्यातून किती वेळा? टाळू तेलकट झाली की. ‘रोज धुतल्याने केस गळतात’ यातलं गळणं म्हणजे आधीच सुटलेले केस पाण्याबरोबर बाहेर येणं.

सावधान: कोंड्यावर तेल हा सर्वांत जुना गैरसमज. कोंड्याशी जोडलेली मॅलसेझिया ही यीस्ट टाळूवरच्या स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते. खपल्या तेलाने भिजून दिसेनाशा होतात, दोन दिवसांनी दुप्पट येतात. कोंड्याला किटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. लावला की लगेच धुणारे ‘गुण आला नाही’ म्हणतात.

लेपांचं खरं काम ओळखून घ्या. कोरफडीचा गर, भिजवून वाटलेली मेथी, दही हे केसावर गुळगुळीत थर देतात. केस मऊ लागतो, विंचरताना कमी तुटतो. तेवढ्यासाठी आठवड्यातून एकदा २० मिनिटं खुशाल लावा. अंड्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की केसात शिरत नाही, वरच बसतं. लावायचंच असेल तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ते केसांतच शिजतं, आणि ते कण वेचण्यात गेलेली एक संध्याकाळ मला अजून आठवते.

न लावायच्या गोष्टी मोजक्या आहेत. लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, टाळू चुरचुरते, आणि तो लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी. केसाचे खवले उघडे पडतात, केस राठ होतो. कांद्याच्या रसाचा बोलबाला २००२ च्या एका छोट्या अभ्यासावरून आहे आणि तो अभ्यास चाईच्या रुग्णांवर होता, रोजच्या केसगळतीवर नव्हता. टाळू सोलवटून घेणारे मात्र पुष्कळ.

तपासा: कुठलाही नवा लेप किंवा रंग आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. काळ्या रंगासाठी मिसळलेल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी तीव्र असू शकते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या रंगातही ते असू शकतं. ‘नैसर्गिक’ या शब्दावर चाचणी सोडू नका.

## टप्पा ७: नखं, आठवड्यातून पंधरा मिनिटं

१. अंघोळीनंतर कापा, नख तेव्हा मऊ असतं. वाळलेलं ठिसूळ नख नेलकटरखाली चिरतं.
२. हाताची नखं बोटाच्या आकाराप्रमाणे हलकी गोल, पायाची सरळ. पायाच्या नखाचे कोपरे खोल कापले की नख मांसात घुसतं.
३. नख पूर्ण वाळल्यावर बारीक फाइलने एकाच दिशेने घासा. करवतीसारखं पुढेमागे केलं की थर सुटतात.
४. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नका, ढकलू नका. ती मुळाचं झाकण आहे. ते उघडलं की जंतू शिरतात आणि नखुरडं होतं.
५. पेट्रोलियम जेली किंवा युरिया असलेलं मलम नखाला आणि त्या कातडीला चोळा. हे मात्र आठवड्यातून एकदा पुरत नाही. रोज झोपताना, आणि शक्य तर प्रत्येक वेळी हात धुतल्यावर. ओलावा आत असतानाच लावायचं, म्हणून हात टिपल्यावर लगेच.

नखं मिठाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवायचे उपाय सोडून द्या. थर सुटणाऱ्या नखाला आणखी भिजवणं म्हणजे रोगच औषध म्हणून देणं. फॉर्माल्डिहाइडचे ‘हार्डनर’ सुरुवातीला नख कडक करतात, पुढे ते इतकं ताठर होतं की वाकायच्या ऐवजी मोडतं. ठिसूळ नखांवर बायोटिनचे काही छोटे अभ्यास आहेत, पण पुरावा कच्चा. हातमोजे आणि मलम चार महिने करून बघितल्याशिवाय तिकडे वळू नका.

मधुमेह असेल तर पायाची नखं घरी कापताना फार जपा. संवेदना कमी झाली असेल तर स्वतः कापूच नका. लहानशी जखम कळत नाही आणि चिघळते.

## टप्पा ८: फरक पाहायचा कसा

रोज आरशात बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा: मधला भांग, दोन्ही कानशिलं, माथा. नखांचा फोटो पट्टी शेजारी ठेवून.

अपेक्षाही क्रमाने. तुटणं दोन ते चार आठवड्यांत कमी व्हायला हवं. नखाच्या मुळाशी नवा, सलग भाग दोन महिन्यांत दिसतो. वरचा जुना भाग तसाच पापुद्रे टाकत राहील, तो कापत जायचा. गळती ओसरायला तीन ते सहा महिने. भांगाच्या कडेने आखूड, टोकदार, ताठ उभे राहणारे केस दिसायला लागले तर ते बहुधा नवे. त्यांना तुटके समजून तेलाने चापून बसवू नका. टोक निमुळतं असेल तर नवा, बोथट किंवा दातेरी असेल तर तुटका.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख लिहा. आहार, नवा शाम्पू, लेप आणि गोळ्या एकाच सोमवारी सुरू केल्या तर गुण कशाने आला आणि पुरळ कशाने उठलं, दोन्ही कळणार नाही.

चौथ्या महिन्याच्या फोटोत काहीच फरक नसेल तर आणखी एक लेप शोधू नका. फोटो, टप्पा २ मधली तारखांची यादी, सगळ्या गोळ्यांची लेबलं आणि दोन दिवसांचा प्रथिनांचा हिशोब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्या दिवशी केसांना तेल नको आणि नखांना पॉलिश नको. दोन्हीखाली जे पाहायचं असतं तेच झाकलं जातं.